सापांचीं नांवें आणि छायाचित्रें

शेतांत साप निघाला म्हणजे पहिला प्रश्न 'कसला साप ?' हाच होतो, आणि या प्रश्नास जें उत्तर मिळेल त्यावर पुढील सर्व गोष्टी ठरतात. साप मारावयाचा कीं त्यास वाट द्यावयाची, मजुरांनीं त्या सरींत पुनः उतरावयाचें कीं नाहीं, मुलांस बांधावर जाऊं द्यावयाचें कीं नाहीं, हें सारें एका नांवावर अवलंबून असतें. असें असून या नांवांचा आपल्याकडे केवढा गोंधळ आहे, याचा विचार शेतकी विषयांवरील लिखाणांत फारसा झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं. मावा कोणता व तुडतुडा कोणता, हें शेतकऱ्यास चित्रें दाखवून शिकविलें जातें. कारण कीड ओळखण्यांत चूक झाली तर औषध वायां जातें व पीक हातचें जातें. सापाच्या बाबतींत चूक झाली तर मनुष्य जातो. तरी तेथें मात्र आपण ऐकीव नांवावर भिस्त ठेवून स्वस्थ बसतों.

या घोटाळ्याचें सर्वांत ठळक व सर्वांत धोक्याचें उदाहरण म्हणजे अजगर, घोणस व डुरक्या घोणस हें त्रिकूट होय. तिघांचाही रंग मातकट तपकिरी, तिघांच्याही पाठीवर गडद डाग, आणि अजगर लहान असेतोंपर्यंत तिघांचीही लांबी डोळ्यांस थोड्याफार फरकानें सारखीच दिसणारी. यांपैकीं अजगरास विष नाहीं व डुरक्या घोणशीसही नाहीं. घोणस मात्र आपल्या देशांतील अत्यंत घातक सापांपैकीं एक आहे. म्हणजे आपल्या भाषेनें एकच शब्द घेऊन तो एका प्राणघातक व एका निरुपद्रवी सापास वांटून दिला आहे, आणि दोहोंमध्यें 'डुरक्या' या एका विशेषणाची काय ती भिंत ठेविली आहे. घाईच्या व भीतीच्या वेळीं विशेषणच प्रथम गळून पडतें, हें सांगावयास नको. त्यामुळें निरुपद्रवी डुरक्या 'घोणस' म्हणून मारला जातो. तथापि याहून वाईट प्रकार उलट दिशेनें घडतो. खरी घोणस वेटोळें घालून पडलेली असते, कोणी जाणता म्हणविणारा 'अजगराचें पिल्लूं आहे, कांहीं करीत नाहीं' असें सांगतो, दुसरा कोणी धीट तें हातांत घेतो, आणि मग दवाखान्याचा रस्ता धरावा लागतो. अशा हकीकती वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. त्या वाचून आपण त्या मनुष्याच्या मूर्खपणास हंसतों. परंतु त्याला ठकविलें तें नांवानें, हें कोणी लक्षांत घेत नाहीं.

हे तिन्ही साप वेगळे ओळखणें वस्तुतः फारसें कठीण नाहीं. घोणशीच्या पाठीवर डोक्यापासून शेंपटीपर्यंत लंबगोल डागांच्या तीन ओळी असतात. प्रत्येक डागास काळी कड व तिच्या बाहेर पांढुरकी रेघ असते, आणि मधल्या ओळीचे डाग एकमेकांस चिकटले म्हणजे सांखळीसारखे दिसतात. डोकें चपटें व त्रिकोणी, मान त्याहून स्पष्टपणें बारीक, नाकपुड्या मोठ्या, आणि खवले मधोमध उंचवट्याची रेघ असलेले, म्हणून अंग खरखरीत. अजगराच्या पाठीवरचे डाग मोठे, वेडेवांकडे व फरशीच्या तुकड्यांप्रमाणें एकमेकांशेजारीं बसविल्यासारखे दिसतात. त्यांच्या ओळी मोजतां येत नाहींत. त्याचे खवले गुळगुळीत असून उन्हांत त्यांवर तेलाच्या तवंगासारखी झांक दिसते. डोक्याच्या वरच्या बाजूस बाणाच्या पात्यासारखी खूण असते. डुरक्याचें डोकें मानेहून वेगळें दिसतच नाहीं. शेंपटी तोकडी, एकाएकीं संपलेली व खरखरीत असते, आणि पाठीवरचे डाग एकमेकांत मिसळून नागमोडी पट्टा झालेला असतो. तो दोन-अडीच फुटांपलीकडे क्वचितच जातो. आणखी एक खूण आवाजाची. घोणस डिवचली म्हणजे प्रेशर कुकरच्या शिटीपूर्वीच्या वाफेसारखा मोठा व लांबलेला फूत्कार काढते. तो ऐकल्यावर नांव विचारीत बसण्याचें कारण नाहीं, मागें सरावें.

पिल्लांविषयींही येथेंच सांगून टाकतों. अजगर अंडीं घालतो, व मादी त्यांभोंवतीं वेटोळें घालून, अंगाचे स्नायू थरथरवून त्यांस ऊब देते. घोणस अंडीं घालीत नाहीं. तिला एकदम जिवंत पिल्लें होतात, आणि तीं एका वेळीं वीस, तीस, चाळीसही असतात. त्यांचा काळ बहुधा मे ते जुलै, म्हणजे ऐन पेरणीचा. तीं पिल्लें जन्मतःच विषारी असतात. तेव्हां पेरणीच्या दिवसांत एकाच जागीं ठिपक्यांचीं बरींच पिल्लें सांपडलीं तर 'अजगराचें वेत' म्हणून तीं डब्यांत भरूं नयेत.

नांवांचा हा गोंधळ केवळ मराठी शेतकऱ्याच्या अडाणीपणाचें फळ आहे असें समजणारे कित्येक सुशिक्षित आम्हांस भेटले आहेत. त्यांच्या माहितीसाठीं एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. पॅट्रिक रसेल या नांवाचा एक स्कॉटिश वैद्य मद्रास इलाख्यांत कंपनी सरकारच्या नोकरींत होता. त्यानें कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांची माहिती, रंगीत चित्रांसह, १७९६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. घोणशीस इंग्रजींत त्याच्याच नांवावरून ओळखतात. या गृहस्थानें एक मोठ्या शहाणपणाची गोष्ट केली ती अशी कीं, प्रत्येक चित्राबरोबर त्या त्या सापाचें लोकांत चालणारें तेलुगु नांव लिहून ठेविलें. त्यांत घोणशीचें नांव 'कटुक रेकुल पोडा' असें आहे, आणि अजगराचें 'पेद्द पोडा' असें आहे. म्हणजे तेलुगु मुलखांतही विषारी व बिनविषारी या दोघांस मिळून एकच 'पोडा' होता. बंगालींत पाहावें तर घोणस म्हणजे 'चंद्रबोडा' आणि डुरक्याच्या जातीचा साप म्हणजे 'बालुबोडा'. येथेंही तीच तऱ्हा. डोळ्यांस जें सारखें दिसतें त्यास भाषा सारखें नांव देते. त्यांत मराठी, तेलुगु व बंगाली असा भेद नाहीं. युरोपियनांचीही कथा निराळी नाहीं. इंग्रजींत नागास 'कोब्रा' म्हणतात, आणि हा शब्द ज्या पोर्तुगीज भाषेंतून आला तींत त्याचा अर्थ नुसता 'साप' असाच आहे. गोमंतकांतील वृद्ध वाचकांस हें ठाऊक असेल.

रसेलसाहेबाच्या ग्रंथाचा उपयोग आजही होतो तो कशामुळें ? नुसतीं नांवें असतीं तर 'पोडा' म्हणजे कोणता यावर पंडितांनीं वाद घातले असते. नुसतीं चित्रें असतीं तर तो साप कोठला व लोक त्यास काय म्हणत हें कळलें नसतें. नांव, चित्र व ठिकाण हीं तीन एकत्र राहिलीं म्हणून तो दस्तऐवज झाला. आमचें सर्व म्हणणें या एका गोष्टीवर उभें आहे.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें, तेव्हां दप्तराचाच दाखला देतों. महाराष्ट्रांत वडगांवें किती आहेत आणि पिंपळगांवें किती आहेत, याची गणती करावयास बसणारास दिवस पुरणार नाहीं. एकाच तालुक्यांत एकाच नांवाचीं दोन गांवें असलीं म्हणजे एकास 'बुद्रुक' व दुसऱ्यास 'खुर्द' म्हणतात, हें सर्वांस माहीत आहे. नुसतें 'वडगांव' लिहिलेला अर्ज कचेरींत आला तर तो फिरून परत जातो. तालुका, जिल्हा व गट नंबर लिहिल्याशिवाय जमिनीच्या तुकड्याची ओळख पटत नाहीं. येथें गांवचें नांव खोटें आहे असें कोणी म्हणत नाहीं. तें अपुरें आहे इतकेंच. शास्त्रज्ञांनीं जीं दोन पदांचीं नांवें ठरविलीं तीं या दप्तरी व्यवस्थेहून निराळीं नाहींत. स्वीडनमधील लिनीअस या पंडितानें १७५८ सालीं आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत प्राण्यांस अशीं दुहेरी नांवें लावण्याची रीत सरसकट घातली. पहिलें पद कुळाचें, दुसरें त्या जातीचें. त्या रीतीनें घोणस ही 'डाबोइया रसेली', डुरक्या हा 'एरिक्स कॉनिकस' आणि आपला अजगर 'पायथॉन मोलुरस'. तिघांचें पहिलें पद वेगवेगळें, तेव्हां गोंधळास जागाच राहत नाहीं. या 'डाबोइया' शब्दास कोणी लॅटिन समजूं नये; तो हिंदुस्थानी बोलींतूनच उचललेला आहे.

आतां कोणी म्हणेल, शास्त्रीय नांवें तरी कोठें स्थिर असतात ? हा आक्षेप खरा आहे, व त्याचें उत्तम उदाहरण अजगरच आहे. ब्रह्मदेशाकडे व त्यापलीकडे जो अजगर आढळतो त्यास कूल नांवाच्या शास्त्रज्ञानें १८२० सालीं 'पायथॉन बिव्हिटाटस' असें वेगळें नांव दिलें होतें. पुढें पुष्कळ वर्षें त्यास आपल्या अजगराचीच एक पोटजात मानीत, व 'मोलुरस' या नांवापुढें तिसरें पद जोडून दोघांचा भेद दाखवीत. २००९ सालीं दोहोंची पुन्हा तपासणी होऊन ते स्वतंत्र जाती ठरले. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर एका गटाचे दोन पोटहिस्से पडले होते, त्यांचे आतां दोन स्वतंत्र गट नंबर झाले. फेरफार झाला म्हणून सातबारा खोटा होत नाहीं. फेरफाराची नोंद असली म्हणजे झालें.

या पोटजातींच्या तिसऱ्या पदावर कायद्याचाही केवढा भार आहे, हें पाहण्यासारखें आहे. दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापाराविषयीं जो आंतरराष्ट्रीय करार १९७५ सालीं अंमलांत आला, त्याच्या पहिल्या व अधिक कडक परिशिष्टांत 'पायथॉन मोलुरस मोलुरस' असें तीन पदांनीं आपल्या अजगराचें नांव आहे. बाकीचे अजगर दुसऱ्या परिशिष्टांत आहेत, व त्यांचा व्यापार परवाना घेऊन होऊं शकतो. म्हणजे एक पद इकडचें तिकडे झालें कीं कातडें वैध कीं अवैध हें बदललें. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांताच्या दलदलींत लोकांनीं पाळून सोडून दिलेल्या ब्रह्मी अजगरांनीं आज मोठा उच्छाद मांडला आहे, व तेथील लहानमोठे प्राणी फस्त होत आहेत. त्या अजगरांची तपासणी करतां कांहींमध्यें आपल्याकडील अजगराचाही अंश मिसळलेला असल्याचें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. दोन जातींचा माल एका खपाऊ नांवाखालीं विकला गेला तर पिंजऱ्यांत त्यांचा संकर होण्यास किती वेळ लागतो ? आपल्या देशांत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं अजगर पहिल्या अनुसूचींत आहे. त्यास मारणें, पकडून ठेवणें वा त्याचा व्यवहार करणें हा गुन्हा आहे. तेव्हां 'आम्हीं घोणस समजून मारला' किंवा 'डुरक्या समजून धरला' ही सबब पंचनाम्यांत लिहून घेण्याची पाळी कोणावर न येईल तर बरें.

दोघां अजगरांतील भेद ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे, आणि येथेंच छायाचित्राचा प्रश्न येतो. ब्रह्मी अजगराचा डोळा व वरचा ओठ यांच्यामध्यें लहान खवल्यांची एक ओळ असते, त्यामुळें ओठाचा खवला डोळ्यास टेंकत नाहीं. आपल्या अजगराच्या वरच्या ओठाचा एखादा खवला थेट डोळ्याच्या कडेस जाऊन भिडतो. डोक्यावरील बाणाची खूण ब्रह्मी अजगरांत टोंकापर्यंत गडद व पूर्ण असते, आपल्याकडील अजगरांत ती तोंडाकडे फिकी होत जाते. आपल्या अजगराचा एकंदर रंगही उजळ. आतां मोबाईलवर 'भारतीय अजगर' म्हणून जीं चित्रें फिरतात तीं या खुणा लावून पाहावींत. त्यांतील कित्येक ब्रह्मी अजगराचीं असतात. पिंवळाधमक अजगर 'सोन्याचा साप' म्हणून दाखविला जातो, तो तर बहुधा परदेशीं पिंजऱ्यांत पैदास केलेला, अंगचा काळा रंगच नसलेला ब्रह्मी अजगर असतो. शाळेच्या भिंतीवरील तक्तेही असेच कोठून तरी उचललेल्या चित्रांचे असतात. ज्या मुलानें ब्रह्मदेशाच्या अजगराचें चित्र पाहून अजगर शिकला, त्यानें बांधावरची घोणस ओळखावी ही अपेक्षा कशी करावी ?

यावरून छायाचित्र म्हणजे पुरावा ही समजूत किती कच्ची आहे हें दिसून येईल. चित्र खरें असतें, परंतु त्याखालचें नांव कोणीही लिहितो. आणि चित्र कोठें व केव्हां काढलें हें तर कोणीच लिहीत नाहीं. शिवाय चित्र काढण्याची आपली रीतही विलक्षण आहे. साप एका हातांत उंच धरलेला, धरणाऱ्याचें तोंड स्पष्ट व सापाचें अस्पष्ट, अशीं शेंकडों चित्रें आपण पाहतों. कांहीं सर्पमित्र म्हणविणारे तर अजगर गळ्यांत घालून छबी उतरवितात. खऱ्या सर्पमित्रांविषयीं आम्हांस आदर आहे. त्यांनीं गांवोगांवीं पुष्कळ सापांचे व पुष्कळ माणसांचे प्राण वांचविले आहेत. परंतु अशा छब्यांनीं दोन अपाय होतात. पाहणारास साप धरणें हा खेळ वाटूं लागतो, आणि ओळखीसाठीं जें पाहिजे तें त्या चित्रांत नसतें.

ओळखीसाठीं पाहिजे तें असें. सापापासून निदान दहा-बारा फूट दूर राहून, मोबाईलनेंच चित्र मोठें करून, सर्व अंग येईल असें एक चित्र घ्यावें. साधल्यास पाठीच्या मधल्या भागाचें एक, व डोकें आपल्या बाजूस असेल तर त्याचें एक. साप हलला, झाडींत शिरला, तर त्याच्या मागें जाऊं नये; अर्धवट चित्रही जाणत्यास पुष्कळ सांगतें. काठीनें त्याचें वेटोळें उलगडूं नये. मेलेला साप असला तरी डोक्याशीं हात नेऊं नये, कारण तोडलेलें डोकेंही कांहीं वेळ चावा घेऊं शकतें. मग त्याच दिवशीं गांव, तालुका, शेताचा प्रकार, तारीख, वेळ, आणि तेथील लोक त्यास काय म्हणाले तें शब्दशः लिहावें. शास्त्रीय नांव मागाहून जाणत्यानें घालावें. लोकांचें नांव कोणी दुरुस्त करूं नये, हें आम्ही आग्रहानें सांगतों. 'घोणस' म्हणून सांगितलेला साप चित्रांत डुरक्या निघाला तर ती मौल्यवान माहिती होय. त्या गांवीं 'घोणस' शब्दाचा अर्थ काय आहे हें तीवरून कळतें.

गांवठी नांवें टाकून सर्वत्र एकच पुस्तकी नांव रूढ करावें, असें सुचविणारांशीं आमचा मतभेद आहे. गांवठी नांवांत पिढ्यांची नजर सांठविलेली असते. पाण्याकांठच्या दिवडीस कोठें विरोळा म्हणतात. एका मनुष्यास दोन नांवें असावींत तसा हा 'ऊर्फ'चा प्रकार आहे, व त्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. भय आहे तें एका नांवाखालीं दोन साप असण्याचें, किंवा एका सापाचा दुसरा समजण्याचें. घरांत उंदीर-पालींच्या मागें येणारा निरुपद्रवी कवड्या मण्यार म्हणून मारला जातो. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेकडे पुसट व शेंपटीकडे ठळक असतात, कवड्याचे त्याच्या उलट. आणि मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरचे खवले षट्कोनी व शेजारच्यांहून मोठे असतात. मांजऱ्या हा साप फुरसें म्हणून जीव गमावतो. एकोणिसाव्या शतकांत रत्नागिरी जिल्ह्यांत फुरसें मारून आणणारास सरकार बक्षीस देत असे व त्यांच्या मोठमोठ्या मोजण्या होत. त्या ढिगांत मांजरे किती होते हें आतां कोण सांगणार? धामणीवर तर दुहेरी अन्याय आहे. ती गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते असा एक आरोप, आणि दुरून ती नाग दिसते हा दुसरा. उंदरांचा असा निर्वंश करणारा दुसरा सोबती शेतकऱ्यास मिळणार नाहीं. मांडुळास 'दुतोंड्या' या नांवानें बुडविलें. त्याची शेंपटी बोथट एवढेंच खरें, परंतु त्या नांवापायीं त्यास कोट्यवधींची किंमत असल्याच्या थापा पसरल्या, व चोरटे त्याच्या मागें लागले. आणि घराच्या ओसरीवर फिरणाऱ्या गरीब सापसुरळीस 'सापाची मावशी' म्हणून चेंचलें जातें, तिला तर नात्यानेंच मारलें म्हणावयाचें.

यावर एक आक्षेप वैद्यांकडून येईल, व तो गंभीर आहे. ते म्हणतील, दंश झाल्यावर सापाचें नांव व चित्र मिळविण्यांत लोक वेळ दवडतील, सापाच्या मागें धांवतील, व रोगी वाटेंतच जाईल. हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. आपल्या देशांत मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर मिळून एकच असते, आणि डॉक्टर सापाच्या नांवावरून नव्हे तर लक्षणांवरून ती देतात. पापण्या मिटूं लागल्या काय, रक्त कांचेच्या नळींत वीस मिनिटांत गोठतें कीं नाहीं, हें ते पाहतात. तेव्हां दंश झाला असतां एकच काम करावें. रोग्यास धीर देऊन, चावलेला अवयव न हलवितां, आवळपट्टी न बांधतां, चिरा न देतां, मांत्रिकाकडे न थांबतां, थेट रुग्णालय गांठावें. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं, म्हणजे वर्षास सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला आहे. त्यांतील फार मोठा भाग खेड्यांतील व शेतीवर राबणाऱ्यांचा आहे. केंद्र सरकारनें २०२४ सालीं जो राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला त्यांत हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा संकल्प आहे.

आम्ही ज्या नोंदीविषयीं बोलतों ती दंशानंतरची नसून दंशापूर्वीची आहे. आपल्या शिवारांत कोणते साप आहेत हें गांवास आधीं ठाऊक असावें, एवढाच तिचा हेतु. ही माहिती डॉक्टरांसही निरुपयोगी नाहीं. सह्याद्रीच्या रानांत चापडा हा हिरवा विषारी साप आहे, त्याच्या विषावर वरील लस चालत नाहीं. ज्या शिवारांत चापडा वारंवार दिसतो तेथील दवाखान्यास तें माहीत असणें किती महत्त्वाचें आहे, हें कोणीही समजूं शकेल.

लस तयार होते त्याचें मूळही एका सहकारी संस्थेंतच आहे, ही गोष्ट सहकारावर श्रद्धा असणाऱ्या आमच्या वाचकांस आनंदाची वाटेल. तामिळनाडूंतील इरुला लोक पूर्वी सापांच्या कातड्यांवर पोट भरीत. तो धंदा कायद्यानें बंद झाल्यावर १९७८ सालीं त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. तिचे सभासद वरील चार जातींचे साप धरतात, त्यांचें विष काढून घेतात व साप पुन्हा रानांत सोडून देतात. देशांतील लस करणारांस लागणाऱ्या विषाचा मोठा भाग या संस्थेकडून जात आला आहे. हे लोक बहुधा शाळा शिकलेले नसत. परंतु घोणस म्हणून डुरक्या धरून आणणारा त्यांत टिकला नसता.

आतां दप्तराकडे पुन्हा एकवार वळतों. सर्पदंशानें शेतकरी मृत्यू पावला असतां वारसांस गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेखालीं दोन लाख रुपयांचें साहाय्य मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठीं कागद होतात, पंचनामे होतात. आमच्या नोकरींत असे जे पंचनामे आमच्या हातांखालून गेले, त्यांत 'सर्पदंशानें मयत' एवढेंच लिहिलेलें असे. साप कोणता, दिवसा कीं रात्रीं, ऊंसांत कीं गोठ्यांत, पायास कीं हातास, हें बहुधा कोठेंच नसे. एका कचेरींत आम्हीं हें कलम वाढविण्याचें सुचविलें असतां 'साहाय्य मिळण्यास त्याची गरज नाहीं' असें उत्तर मिळालें. उत्तर नियमास धरून होतें. परंतु त्या मृत्यूपासून गांवास जें शिकतां आलें असतें तें कागदाबाहेरच राहिलें. बाप गेला, मुलानें त्याच गोठ्यांत त्याच कडब्याच्या गंजींत हात घातला, आणि आंत काय आहे हें त्यास कोणींच सांगितलें नाहीं.

सरकारी कलमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. प्रत्येक गांवच्या शेतकी सोसायटींत एक साधी वही ठेवावी. तींत सहा रकाने पुरेत : तारीख व वेळ, गट नंबर, पीक अगर जागा, गांवांत सांगितलेलें नांव, छायाचित्र असल्यास तें कोणाच्या मोबाईलमध्यें आहे, आणि सातवी-आठवीचें मूलही भरूं शकेल असा शेरा : मारला, सोडला कीं निसटला. वर्षअखेर ती वही जवळच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांस अगर जाणत्या सर्पमित्रास दाखवून शेवटीं कोऱ्या ठेवलेल्या रकान्यांत शास्त्रीय नांव भरून घ्यावें. वही मे महिन्याच्या आरंभींच सुरू करावी, म्हणजे घोणशीचीं पिल्लें बाहेर पडण्याचा काळ पहिल्याच पानांवर येईल.